साहेबांची हवा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी परतूरच्या एका शाळेत लोलकाने थांबायला नकार दिला.

तालुका विज्ञान प्रदर्शनाचा शिक्षक गट होता. सत्यशीला मॅडमनी एका दांडीला दोन दोरे बांधून दोन लोखंडी नट टांगले होते. एक मोकळा, दुसऱ्याला वहीएवढा पुठ्ठा. हवा पुठ्ठ्याला जास्त अडवते, म्हणून पुठ्ठेवाला आधी थांबतो, एवढेच दाखवायचे होते. घरी एकवीस वेळा तो तीन मिनिटांच्या आत थांबला होता. यंदा जिल्ह्याला जाणार, हे मॅडमनी माहेरीही कळवून टाकले होते.

पण मुख्याध्यापक पुंजाराम सरांनी परीक्षक कल्याणराव साहेबांसाठी कूलर लावला होता. त्याच्या झडपा इकडून तिकडे वळायच्या आणि पुठ्ठ्याला दर खेपेला नवा धक्का मिळायचा.

"सर, कूलर जरा बंद करा न," मॅडम कुजबुजल्या.

"साहेबाचा? माझ्या रिटायरमेंटला आठ महिने राह्यले, मॅडम!"

मॅडमनी टेबल दाराकडे सरकवले. टेबलामागे साहेब गेले, साहेबांमागे कूलर गेला. मॅडमनी मधे फळा उभा केला. शिपाई गोजरबाईंनी तो उचलला.

"साहेबाला हवा लागून न्हाई राह्यली, बाई."

सहा मिनिटे झाली. मोकळा नट दमत आला होता. पुठ्ठा मात्र जत्रेतल्या पाळण्यासारखा रंगात आला होता.

साहेब वाकून बघू लागले. "म्हंजे पुठ्ठा लावला की झोका थांबतच न्हाई? वा!"

"साहेब, ती कूलरची हवा हाय. पुठ्ठा तर बिलकुल..."

"मॅडम, शोध लावणाऱ्यानं इतकं लाजू नये." त्यांनी पहिला क्रमांक लिहिला. प्रयोगाचे नावही स्वतःच बदलले: 'न थांबणारा झोका'.

मॅडमनी दुपारीच खुलाशाचा अर्ज दिला. पुंजाराम सरांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"शाळेचं पहिल्यांदा नाव निघून राह्यलं. तुम्ही पुठ्ठा सांभाळा, हवेचं मी बघतो."

शुक्रवारी सकाळी साडेसातला जीप जालन्याकडे निघाली. पुढे पुंजाराम सर, मधे सत्यशीला मॅडम, मागे दोरीने आवळलेला कूलर. सरांनी दोनदा वळून कूलर बघितला. मॅडम निवांत होत्या.

कूलरच्या वायरीची पिन मॅडमच्या पर्समध्ये आहे, हे वाटूर फाटा येईपर्यंत तरी सरांना कळले नव्हते.