दीड फुटाचा ब्रेकर

गाडीचा वेग वाढला की आत बसलेल्या माणसाची नजर कमी होते, हे निसर्गाचे तत्त्व आहे. ते जगात सर्वप्रथम बोरखळी (तालुका केज) येथील दूध उत्पादक सहकारी संस्थेने ओळखले. मी त्या संस्थेचा सचिव असल्याने हे सांगताना ऊर भरून येतो.

आमच्या गावात कर्ते पुरुष दोनशे बारा. पैकी गाडी चालवता येणारे नऊ, परवाना असलेला एक (तो त्याने फ्रेम करून देवघरात लावला आहे) आणि गाडीविषयी मत असलेले दोनशे बारा. डिझेलच्या गाडीला ओढ जास्त. उतारावर न्यूट्रल टाकला की तेल वाचते. आताच्या गाड्यांचा पत्रा म्हणजे पापड. हॉर्न चांगला असेल तर ब्रेक हवाच कशाला? ही सर्व मते वादातीत असून त्यांवर पारावर रोज वाद होतो.

मागच्या वर्षी दुष्काळाचे पाहणी पथक आले. अकरा गाड्या, सगळ्या पांढऱ्या. दुर्दैवाने आमचा रस्ता नुकताच डांबरी झाला होता. पथक गावात शिरले आणि चाळीस सेकंदांत बाहेर पडले. काचांना उन्हासाठी हिरवी फिल्म लावलेली असल्याने अहवालात 'शिवार हिरवेगार' अशी नोंद झाली. उलट युसूफ वडगावच्या बाजूला एका वस्तीला रस्ता कधी झालाच नव्हता. तिथे गाड्या बैलाच्या चालीने गेल्या, एका म्हातारीला रडायला पुरेसा वेळ मिळाला आणि वस्तीला टँकर मंजूर झाला.

यंदाही पाऊस आला नाही. संस्थेचे चेअरमन अर्जुनराव यांनी तातडीची सभा बोलावली. "आपल्याकडं दुष्काळ लई चांगला हाय," ते म्हणाले, "पर बघनारा थांबतच न्हाई." म्हणून गावाच्या वेशीवर गतिरोधक (लोकभाषेत ब्रेकर) बांधण्याचा ठराव क्रमांक सात मांडण्यात आला.

उंचीबाबत ट्रॅक्टरमिस्त्री राधाकिशन यांचे तांत्रिक मार्गदर्शन झाले. "चार इंचाला गाडी हळू व्हती, थांबत न्हाई. नऊ इंचाला डायवर उतरतो, टायर बघतो अन् परत बसतो. दीड फुटाला गाडीचं पोट टेकतं. मंग समदे उतरत्यात." चेअरमनसाहेबांची स्वतःची जीप उंच असल्याने ती दीड फुटावरून बिनघोर जाते, असे विटा रचून पाहिल्यावर सिद्ध झाले. ठराव एकमताने मंजूर.

काम एका दिवसात झाले. मात्र सिमेंटला पंधरा दिवस पाणी मारावे लागते, अन्यथा ते तडकते. गावात तेव्हा घरटी दोन घागरी मिळत होत्या. त्यांपैकी एक ब्रेकरला घालावी, असे ठरले.

चंद्रभागाबाई या संस्थेच्या सभासद. घरात त्या एकट्या आणि कपिला नावाची एक गाय. एक घागर बाईंची, एक कपिलेची, असा त्यांचा हिशेब. त्या रिकामी घागर घेऊन सभेत आल्या.

"माझी गाय जीब काढून उभी हाय अन् सिमिट पानी पितंय. कावून?"

"आक्का, सिमिट पिलं तर टँकर येतो," अर्जुनराव समजुतीने म्हणाले. "गाय पिऊन काय येतंय?"

"दूध," चंद्रभागाबाई म्हणाल्या. (हे उत्तर विषयाला धरून नसल्याने इतिवृत्तात घेतलेले नाही.)

पंधरा दिवस कपिलेची घागर ब्रेकरवर पडली. ब्रेकर मात्र असा पक्का झाला की पहार मारली तर पहार वाकावी.

पथक आले. पहिल्या गाडीचे पोट टेकले, मागच्या दहा एकापाठोपाठ थांबल्या. समदे उतरले. कोरडी विहीर पाहिली, कपिलेच्या बरगड्या मोजल्या, फोटो काढले आणि जागेवर टँकर मंजूर केला. अर्जुनरावांनी ब्रेकरला हार घातला.

सोमवारी टँकर आला. चालक सिदू, पाणी दहा हजार लिटर. भरलेला टँकर खाली बसलेला असतो, ही बाब ठराव क्रमांक सातमध्ये राहून गेली होती. पुढची चाके पार झाली आणि मागची तोटी सिमेंटला लागून तुटली.

पाच मिनिटांत दोनशे बारा तज्ज्ञ जमले. सिदूने पहिला गिअर टाकायला हवा होता. नाही, दुसरा. गाडी तिरकी घालायला हवी होती. मागच्या टायरात हवा कमी होती. "पत्राच हलका हाय बे," एकाने टाकीवर थाप मारून सांगितले. बायका घागरी घेऊन धावल्या, पण तोटीखाली चार तज्ज्ञ पाहणीसाठी आडवे झालेले असल्याने घागर लावायला जागा नव्हती. पावणेदोन तासांनी चर्चा संपली, तेव्हा पाणीही संपले होते.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. चंद्रभागाबाईंनी दोन सूचना केल्या. एक, ब्रेकर फोडा. ते अशक्य होते. फोडला तर पुढच्या वर्षी पथक थांबणार कशाला? दोन, टँकर पलीकडेच उभा करा, आम्ही घागरी घेऊन तिकडे येतो. तेही अशक्य, ब्रेकरपलीकडे शेजारच्या गावची हद्द, आणि आदेशात 'गावात' असे स्पष्ट लिहिले आहे.

नवव्या दिवशी चंद्रभागाबाई कपिलेला दावे लावून बाजाराकडे निघाल्या. वेशीवर गाय थांबली. नुकताच टँकर घासून गेला होता, ब्रेकर ओला होता. कपिला तो चाटू लागली. बाईंनी तिला ओढले नाही, पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मी संस्थेच्या दारातून पाहत होतो. मला फार वाईट वाटले. (याचीही नोंद नाही.) मागून चेअरमनसाहेबांच्या जीपचा हॉर्न वाजला तेव्हा दोघी बाजूला झाल्या. जीप ब्रेकरवरून सहज गेली.

टँकर अजून रोज येतो आणि कागदोपत्री गावाला रोज दहा हजार लिटर पाणी मिळते.

आता वाचकहो, खरे सांगा. तोटी तुटली तेव्हा तुमच्याही मनात आलेच ना, की सिदूने गाडी जरा तिरकी घ्यायला हवी होती? संस्था आपली आभारी आहे. आपले मत क्रमांक दोनशे तेरा म्हणून नोंदवले आहे. बाजारातून कपिला कोणी नेली, हे मात्र अद्याप एकानेही विचारलेले नाही.