इंगवले कोचना अजून वेळ

सलग सहा सामने हरल्यामुळे नागझरी तालमीचे फुटबॉल कोच शशिकांत इंगवले खांद्यापर्यंत जमिनीत गेले होते आणि त्यांना अजून वेळ द्यायचा का, हे ठरवायला गुरुवारी संध्याकाळी तालमीत बैठक होती.

नियम सरळ होता. एक पराभव, एक वीत खाली. बरोबरी झाली तर आहे तिथंच. जिंकलं तर एक वीत वर. रेफ्रीची शेवटची शिट्टी वाजली की मैदानाच्या कडेला पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या गोल रिंगणात उभा असलेला कोच आवाज न करता, पाण्यात घागर बसावी तसा खाली बसायचा. कोल्हापुरातल्या सगळ्या तालमींत हे असंच चालत आलं होतं. बहुतेक कोच गुडघ्यापर्यंत जात, मग एखादा सामना मारून वर येत, नाहीतर तालीम त्यांना खणून बाहेर काढी. बाहेर काढलेला माणूस मात्र कोच राहत नसे. म्हणून शशिकांत इंगवले स्वतः बाहेर यायला तयार नव्हते. खांद्यापर्यंत जाणारे ते पहिलेच.

त्यांची मुलगी शर्वरी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि विद्यापीठाच्या संघात डाव्या बाजूनं बचाव खेळत होती. या प्रकरणाला संख्याशास्त्र लागत नव्हतं, शिंप्याची टेप पुरली. सोमवारी सकाळी तिनं मैदानावर जाऊन मोजलं. पप्पांची उंची पाच फूट सहा इंच. सातवी वीत गेली की नाक आत.

"कपाळ राहतंय की वर," पप्पा म्हणाले.

"कपाळानं श्वास घेणार काय?"

"एक मॅच मारली की वर येतोय गं. पोरं आता सेट व्हायला लागल्यात."

पोरं सेट होत असल्याचं ते पाच आठवडे सांगत होते. तेवढे दिवस ते मैदानावरच होते. एका सरबतवाल्यानं डोक्यावर मोठी छत्री रोवून दिली होती, आई दोन वेळचा डबा पाठवी आणि सराव संपला की सगळा संघ त्यांच्याभोवती उकिडवा बसून डावपेच ऐकत असे. मधल्या काळात मैदानाच्या देखभाल कचेरीचं पत्र आलं होतं की गवत कापण्याचं यंत्र फिरताना कोचचा दर्शनी भाग लक्षात यावा म्हणून शेजारी लाल झेंडा लावण्यात यावा. तालमीचे सेक्रेटरी निवास चौगुले यांनी उत्तर पाठवलं की झेंडा पाहून खेळाडूंना ऑफसाइडचा भास होतो, सबब यंत्राच्या वेळी कोचवर बादली उपडी घालण्यात येईल. कचेरीनं ते मान्य केलं.

बैठकीला शर्वरीला कुटुंबाची प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं. पायरीवर बस म्हणाले, ती बाकावर बसली. समोर पाच ज्येष्ठ सभासद, मधोमध चौऱ्याहत्तर वर्षांचे वस्ताद बापू सरनाईक. इंगवल्यांना कोच नेमताना त्यांच्या कपाळाला कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती बापूंनीच लावली होती. सहा आठवडे झाले तरी ती माती इंगवल्यांनी पुसू दिली नव्हती, तोंड धुतानासुद्धा.

नागझरी तालमीत मतदान होत नाही. अठ्ठ्याहत्तर साली एकदा झालं होतं, तेव्हा तालीम फुटली आणि हरलेल्या निम्म्या लोकांनी रस्त्याच्या पलीकडे दुसरी तालीम काढली. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट एकमतानं. ज्याला पटत नसेल त्याला पटेपर्यंत चहा पाजतात. कोणीच हललं नाही तर जे चालू आहे तेच पुढं चालू राहतं, आणि शर्वरीच्या मते सगळी गोम इथंच होती.

चर्चा आठ कप चहा चालली. बापू म्हणाले, आजच्या पिढीला दम नाही, मॅगी खाऊन वाढलेली पोरं दोन मिनिटांत निकाल मागतात. एकोणसत्तर साली तालमीचा कोच कमरेपर्यंत गेला होता आणि त्याच वर्षी करंडक आला. एकानं सांगितलं की परदेशातले मोठे क्लबसुद्धा कोचला वेळ देतात. दुसऱ्यानं आठवण करून दिली की सहा सामन्यांत चेंडू तीनदा पोलला लागला आहे, म्हणजे नशीब सोडलं तर कोचचं काही चुकलेलं नाही. गुडघेदुखीचे आण्णा मंडलिक म्हणाले, काही झालं तरी माणूस चांगला आहे.

"चांगला आहे म्हणूनच म्हणतेय, वर काढा," शर्वरी म्हणाली.

तिच्या बोलण्याची नोंद झाली. मग निवास चौगुल्यांनी सुचवलं की खबरदारी म्हणून रविवारच्या सामन्याआधी अर्धा इंची प्लास्टिकची नळी आणून ठेवावी, म्हणजे सातव्या पराभवानंतर श्वासाची सोय होईल. ही सूचना सगळ्यांना आवडली. पुढची चाळीस मिनिटं नळीवर गेली. ती पांढरी घ्यावी की तालमीच्या भगव्या रंगाची, तिच्यातून सूचना दिल्या तर स्पर्धेच्या नियमात बसेल का, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून वरून वाकवावी का. आण्णांनी नळीच्या तोंडाला जाळी सुचवली, मुंग्यांसाठी.

शर्वरीची कानशिलं तापली. या लोकांना तिच्या बापाला गाडून वर नळाचं कनेक्शन द्यायचं होतं. ती उठली आणि भिंतीवरच्या चोपन्न सालच्या नियमांच्या फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. लहानपणापासून तो फळा तिनं शेकडो वेळा पाहिला होता, वाचला पहिल्यांदाच. चौथा नियम तिनं मोठ्यानं वाचला: जो वस्ताद पैलवान उतरवील त्याने निकाल लागेपर्यंत हौद्याच्या काठी पैलवानाशेजारी उभे राहावे.

"कोचला तुम्ही उतरवलंय," ती म्हणाली. "ज्यांना वेळ द्यायचाय त्यांनी रविवारी गोलात त्यांच्याशेजारी उभं राहायचं आणि हरलं तर त्यांच्याबरोबर खाली जायचं."

मग आण्णा म्हणाले की तो नियम कुस्तीचा आहे. निवास चौगुल्यांनी तालमीचा पत्राचा कागद काढला. त्यावर नागझरी तालीम मंडळ, कुस्ती व फुटबॉल, असं छापलेलं होतं. म्हणजे लागू. यावर आण्णांना गुडघा आठवला. एकाला रविवारी साखरपुडा निघाला. तिसऱ्याला डॉक्टरांनी ओल्या जागेत उभं राहू नका असं सांगून ठेवलं होतं. चौथे काही न सांगता म्हणाले की इंगवल्यांनी तालमीसाठी पुष्कळ केलंय, आता त्यांना विश्रांती दिली पाहिजे. दहा मिनिटांत चौघंही शर्वरीच्या बाजूचे झाले.

बापू झाले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याच्या कपाळाला माती मी लावली," ते म्हणाले. "मी उभा राहतो."

एकमत झालं नाही. चालू होतं तेच पुढं चालू राहिलं.

रविवारी लक्ष्मीबाग तालमीशी सामना होता. बापू फेटा बांधून, नवे बूट घालून आले आणि गोलात इंगवल्यांच्या डोक्याशेजारी ताठ उभे राहिले. शर्वरी विद्यापीठाच्या संघातल्या चार मैत्रिणींना घेऊन पाठीमागं बसली. त्यांच्याकडं दोन कुदळी, दोन खोरी आणि एक घमेलं होतं. बापूंनी शब्द दिला की लगेच खणायचं, असं तिनं ठरवलं होतं. बापूंच्या शब्दाशिवाय खणलं तर संघ बाद आणि बाद म्हणजे पराभवच, तेव्हा हात बांधलेले होते.

खेळ वाईट चालला नव्हता. इंगवल्यांना जमिनीच्या पातळीवरून फक्त बूट दिसत, पण बुटांवरून त्यांना पुष्कळ कळायचं. लक्ष्मीबागचा तीन नंबर डाव्या टाचेवर भार देतोय, त्याला दमवा, असं ते सांगत आणि बापू तेच फड गाजवणाऱ्या आवाजात पुढं पोचवत. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. बरोबरीत सुटला तरी चाललं असतं. शर्वरी मनातल्या मनात उरलेली मिनिटं उलटी मोजत होती. एकाहत्तराव्या मिनिटाला तीन नंबरनंच त्याच डाव्या टाचेवरून उसळी मारून हेडरनं गोल घातला.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला नागझरीचा चेंडू पोलला लागला आणि गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "चौथा." शर्वरी रेषेपाशी आली आणि गुडघे टेकून बसली. पप्पांच्या भुवयांवर घाम होता आणि तो त्यांना पुसता येत नव्हता. तिनं पुसला, मातीचा टिळा तेवढा सोडून.

"बास आता, पप्पा."

"सहा मिनिटं हायत अजून."

"सहा मिनिटांनी तुमचं नाक जाईल."

"पोरं सेट होत्यात गं," ते म्हणाले, पण या वेळी त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

तिनं वर बापूंकडं पाहिलं. काय बोलायचं ते पाठ करून आली होती, पैकी अर्धं शिव्यांतच होतं. तिच्या तोंडून वेगळंच निघालं.

"बापू, मला एकच बाप आहे."

बापू मैदानाकडं बघत राहिले. अजून एक मिनिट गेलं. मग ते हळूहळू वाकले, फेट्याचा शेमला सोडला आणि इंगवल्यांचं कपाळ पुसलं. "शशी," ते म्हणाले, "मोकळा केला तुला." इंगवल्यांनी डोळे मिटले.

लगेच लाइनमननं झेंडा वर केला. गोलात कोच नसेल तर संघ बाद, आणि बाद झाल्याचा पराभव शेवटच्या कोचच्या नावावर. बापूंनी वळून गॅलरीत बसलेल्या चौघा ज्येष्ठांकडं पाहिलं. चौघं आभाळाकडं पाहू लागले. आण्णा तर घारी मोजत होते. लाइनमननं घड्याळ दाखवलं. तेव्हा शर्वरी उठली आणि फक्कीच्या रेषेवरून पाय आत टाकला.

बापूंनी तिच्या पायाजवळची चिमूटभर माती उचलून तिच्या कपाळाला लावली. निवास चौगुले धावत आले आणि विचारू लागले की बाई कोच करायला ठराव लागेल का. बापू म्हणाले, मागनं लिहा.

उरलेल्या चार मिनिटांत शर्वरीनं दोन बदल केले, एका खेळाडूला गाढव म्हटलं आणि गोलकीपरला पुढं पाठवलं. काही उपयोग झाला नाही. शिट्टी वाजली. इंगवले होते तिथंच राहिले, खांद्यापर्यंत, नाक वर. शर्वरी आणि बापू एकाच वेळी एक वीत खाली गेले. आत थंड होतं आणि थोडं ओलं, आणि पायाला सगळ्या बाजूंनी माती अशी बसली जणू मापं घेऊनच ठेवली होती.

सोमवारी इंगवल्यांना खणून काढायला चार तास लागले. त्यांना गोलपोस्टला टेकवून उभं केलं, तेव्हा पाय लटपटत होते. घरी नेऊन तीन बादल्यांनी आंघोळ घातली. ते बुधवारपर्यंत झोपले.

पुढच्या गुरुवारची बैठक मैदानावर घ्यावी लागली, कारण दोन संबंधित येऊ शकत नव्हते. विषय तोच होता. इंगवले स्कूटरवरून आले, प्रेक्षकांतली एक खुर्ची ओढून सगळ्यांच्या पुढं बसले आणि पहिल्यांदा तेच बोलले. डावी बाजू पूर्ण मोकळी सोडली होती, ते म्हणाले. गोलकीपर पुढं पाठवणं हा तर पोरखेळ. मुलगी आहे म्हणून बोलत नाही, पण या कोचला ताबडतोब बाहेर काढलं पाहिजे, आत्ता एकच वीत आहे, दहा मिनिटांचं काम. चारही ज्येष्ठांनी माना हलवल्या. आण्णांनी तर कुदळ बरोबरच आणली होती. बापूंनी, गोलातच राहून, थोडा विचार केला आणि तेही हो म्हणाले, कारण त्यांचे नवे बूट आत होते.

सगळ्यांनी शर्वरीकडं पाहिलं. तिची एकटीची मान राहिली होती.

चार दिवस ती रात्रंदिवस विचार करत होती. तीन बचाव, पाच मध्ये, दोन पुढं. सेंटरला खेळणारा तो लंबू सरळ बसवायचा आणि डावीकडून उजव्या पायाचा पोरगा आत आणायचा. पोरं आता कुठं तिचं ऐकायला लागली होती.

"रविवारची मॅच माझी नव्हतीच," ती म्हणाली. "चार मिनिटं मिळाली मला."

"शर्वे, ऐक माझं," पप्पा म्हणाले. "आतनं काही दिसत नाही. तिथं बसलं की सगळं जमणार असंच वाटतंय."

"तुम्हाला वाटायचं. मला दिसतंय."

कोणीच हललं नाही. निवास चौगुल्यांनी वहीचं पान उलटलं आणि पेन तयार धरून विचारलं की मग किती वेळ लिहू. शर्वरीनं स्वतःच्या उंचीचा अंदाज घेतला. पाच फूट तीन इंच.

"पाच सामने लिहा."

"झालेली एक धरून हनुवटीपर्यंत येतंय," पप्पा म्हणाले.

"पाच लिहा, निवासकाका," ती म्हणाली, आणि आडव्या आलेल्या चौघा ज्येष्ठांना बाजूला व्हायला सांगून तिनं लंबूला हाक मारली.