सासूबाईंचे दोन डोळे

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि सूनबाई समतोल विभागात वरिष्ठ लिपिक होत्या. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आला नसता.

जगात महासत्ता दोन. एक कैक वर्षं गादीवर बसलेली, दुसरी त्या गादीकडे बघत पायऱ्या चढणारी. कचेरीत खाजगीत त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. कागदोपत्री मात्र दोघांनाही ‘प्रथम मित्रराष्ट्र’ असंच लिहायचं, असा नियम होता. देश पडला लहान. कुणाशी वाकड्यात शिरणं परवडणारं नव्हतं. म्हणून थोरल्यांनी नदीवर पूल बांधून दिला की त्याला खेटून धाकट्यांचाही एक पूल घ्यायचा. थोरल्यांनी चौकात घड्याळ लावलं तेव्हा समोरच्या इमारतीवर धाकट्यांचं लागलं. दोन्हींत दहा मिनिटांचा फरक होता, म्हणून शहरातली माणसं मधली वेळ धरून चालत. कुणाचं माप कुणापेक्षा तसूभर जास्त तर होत नाही ना, हे बघण्यात सूनबाईंची चौदा वर्षं गेली होती.

रुग्णालयंही अर्थात दोन, समोरासमोर. सूनबाईंनी सासूबाईंचं नाव थोरल्यांच्या रुग्णालयात घातलं, ते जवळच्या फुटपाथवर होतं एवढ्याच कारणाने. दुपारपर्यंत धाकट्यांच्या वकिलातीचं निषेधपत्र येऊन थडकलं. निषेधपत्रं दाखल करून घेणं सूनबाईंच्याच टेबलाचं काम. त्यांनी स्वतःविरुद्धचा निषेध स्वतःच्या सुवाच्य अक्षरात आवक वहीत चढवला.

तोडगा उपसचिवांनी काढला. माणसाला डोळे दोन दिले ही देवाची दूरदृष्टीच म्हणायची, असं ते हात जोडून म्हणाले. उजवा थोरल्यांना, डावा धाकट्यांना. 

“मला विचारणार आहे का कुणी?” घरी सासूबाईंनी विचारलं.

“तुमची संमती मी दिलीय, आई. नमुन्यात तसा रकानाच होता.”

दोन्ही शस्त्रक्रिया उत्तम झाल्या, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. पट्ट्या निघाल्या तशा सासूबाईंनी आधी खिडकी बघितली, मग सुनेला जवळ ओढून निरखलं. “अगं, किती पिकलीस तू,” त्या म्हणाल्या, आणि दोघी किती तरी वेळ हसत बसल्या. त्याच आनंदात सूनबाईंनी पाठपुराव्याचा नमुना भरला. प्रामाणिक बाई. त्यांनी लिहिलं: ‘डाव्या डोळ्याने किंचित जास्त स्पष्ट.’

दुसऱ्या दिवशी धाकट्यांच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर सासूबाईंचा डावा डोळा होता, आठ रकाने रुंद. नव्या युगाची पहाट याच डोळ्याने पाहिली, असं खाली छापलं होतं. त्याच संध्याकाळी थोरल्यांचं आरमार किनाऱ्याच्या दिशेने निघालं. नेहमीचा सराव, असा खुलासा त्यांनी न विचारता केला. गल्लीतही उजव्या डोळ्याचे आणि डाव्या डोळ्याचे असे तट पडले आणि नळावर बोलणं बंद झालं.

उपसचिवांनी सूनबाईंना बोलावून घेतलं. “बाई, किंचित म्हणजे किती, असं दोन्हीकडून विचारतायत. तुम्ही शब्द लिहून मोकळ्या झालात, निस्तरायचं मी.”

शब्द मागे घेता येत नव्हता, कारण त्यावर शिक्का बसला होता. तेव्हा डोळाच मागे घ्यायचं ठरलं. सासूबाईंसाठी सरकारी चष्मा झाला. त्याची डावी काच अगदी फिकट करडी, म्हणजे जेवढ्यास तेवढं. फेरतपासणीत उजवा डोळा वरचढ निघाला. आता धाकट्यांचं आरमार निघालं. मग उजवी काच एक छटा गडद केली. त्याने डावा वरचढ ठरला. मग डावी. दरम्यान सासूबाई घरी चष्मा काढून ठेवतात असं कुणीतरी कळवलं, म्हणून त्याला मागून पट्टा आला आणि पट्ट्यावर लाखेचं सील. सील तोडणाऱ्याला नोकरीतून बडतर्फी आणि वर कैद. तो आदेश सूनबाईंनीच टंकलिखित केला.

नवव्या फेरतपासणीत दोन्ही काचा कुळकुळीत काळ्या झाल्या, आणि दोन्ही डोळे तंतोतंत समान निघाले.

दोन्ही आरमारं माघारी वळली. मोठा समारंभ झाला. दोन्ही राजदूतांनी सासूबाईंचं एकेक कोपर धरून फोटो काढून घेतले. उपसचिवांना बढती मिळाली, सूनबाईंना प्रशस्तिपत्र. ते काय लिहिलंय वाचून दाखव म्हणाल्या सासूबाई. सूनबाईंनी वाचून दाखवलं.

एका दुपारी सासूबाई भिंत चाचपत न्हाणीघराकडे निघाल्या आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून मटकन खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. “चौकट इकडे कधी आली गं?” एवढंच विचारलं. चौदा वर्षांची नोकरी, निवृत्तिवेतन, कैद, सगळं सूनबाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. तरी त्यांनी दाराला कडी घातली, कात्री आणली आणि पट्टा कापला. लाखेच्या तुकड्यासकट चष्मा टपकन फरशीवर पडला.

सासूबाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या. हळूच म्हणाल्या, “दिसतंय गं.”

सूनबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी म्हातारीचा चेहरा ओंजळीत धरला, आणि त्यांच्या तोंडून निघालं, “कुठल्या डोळ्याने जास्त?”

सूनबाईंना हसू नका. नऊ फेरतपासण्या तुम्हीही मान वाकवून निकालच बघत होतात.

सासूबाई सुनेकडे बराच वेळ बघत राहिल्या, दोन्ही डोळ्यांनी. मग त्यांनी फरशीवरचा चष्मा उचलला, पदराने दोन्ही काचा सारख्या पुसल्या आणि आपल्या हाताने नाकावर चढवला.

“बांध पट्टा,” त्या म्हणाल्या.