हळदीच्या डब्यातल्या लाल कॅप्सूल

विद्या वाटल्याने वाढते. सोलापुरात ती आता जंतूंपर्यंत पोचली आहे, आणि त्याचे श्रेय एकट्या कोणाला देणे अन्यायाचे होईल.

प्राथमिक शिक्षण घरोघरी होते. अक्कलकोट रोडला मागावर काम करणाऱ्या हिंदुरावांना १९७५ साली ताप आला. डॉक्टरांनी लाल कॅप्सूल दिल्या. ताप उतरताच पत्नी विजयमालाबाईंनी उरलेल्या कॅप्सूल हळदीच्या डब्यात ठेवल्या. (बऱ्या माणसाला औषध देणे हा उधळेपणा होय.) काही शेजारच्या काशम्माच्या नातवाच्या खोकल्याला गेल्या. एक समोरच्या कमरबीच्या शेळीच्या सुजलेल्या कासेवर उघडून भुरभुरली. कमरबीने मोठ्या मनाने परतफेड म्हणून आपल्या घरातल्या पिवळ्या दिल्या. अशा रीतीने गल्लीतल्या जंतूंना सर्व औषधांची तोंडओळख झाली. मरण्यापुरते औषध मात्र कोणालाच मिळाले नाही.

उच्च शिक्षणाची सोय रुग्णालयात आहे. पुढच्या वर्षी मागाचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, पायावर पडून हिंदुराव तिथे दाखल झाले. वॉर्डात एकाच चिमट्याने सर्वांचे ड्रेसिंग होई, त्यामुळे जंतूंमध्ये खाट क्रमांकावरून भेदभाव नव्हता. जखम चिघळली. पू तपासणीला गेला. बशीत जंतू वाढवून त्यांवर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवतात. औषध लागू पडले, तर टिकलीभोवती मोकळे कडे दिसते. हिंदुरावांच्या बशीत एका टिकलीचा अपवाद सोडता जंतू टिकल्यांना खेटून पंगतीला बसले होते.

अपवाद होता एका नव्या इंजेक्शनचा. त्याचा साठा नुकताच एका पुढाऱ्यांच्या सर्दीवर खर्ची पडला होता. (सर्दी आपोआप गेली, श्रेय इंजेक्शनला मिळाले.) नवा साठा येईपर्यंत पायातून अंगात चढणारे विष थांबणार नव्हते.

"पाय काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, थांबा की जरा," विजयमालाबाई म्हणाल्या. "घरी डब्यात लाल हायेत अजून. लई गुणाच्या. शेळी बरी झाली की!"

"शेळीची कास वाचली, अन् माझा पाय चालला व्हय?" हिंदुराव म्हणाले.

पाय गुडघ्याखाली काढला. घरी जाताना कॅप्सूल मिळाल्या. ताप उतरला. डबा पुन्हा भरला.

वाचकांना विजयमालाबाईंचे हसू येणे स्वाभाविक आहे. हसून झाल्यावर आपल्या कपाटातल्या कॅप्सूल कोणाच्या तापातून उरल्या, ते आठवून पाहावे. आठवले नाही तरी हरकत नाही. जंतूंच्या लक्षात आहे.