पिंगीचं गचाळ घर

एका जंगलात एक परसदार होतं. हसू नका. जंगल सुधारलं की आधी कुंपण येतं आणि कुंपणामागून परसदार येतं. हे परसदार केसोपंत अस्वलाचं. त्यात एक जास्वंद होती आणि जास्वंदीवर पिंगी राहायची.

पिंगी म्हणजे शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी, बाकदार चोच, फुलापुढे भिरभिरत मध पिणारा. तिचा नवरा झगमगराव उन्हात जांभळा-हिरवा चमकायचा. पिंगी आपली मळकट पिवळी. पण घर बांधलं ते तिनंच.

आता घर म्हणायचं म्हणून म्हणायचं. वाळक्या काड्या, कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे आणि वरून सुरवंटांच्या लेंड्या. फांदीला अडकून लोंबणारा कचरा, दुसरं काय! अरे, पण तीच तर गंमत होती. पिंगीनं जीव तोडून तो कचरा गोळा केला होता, कारण आत दोन अंडी होती. कुंपणावर काकासाहेब कावळे रोज येऊन बसायचे. त्यांची नजर त्या कचऱ्यावरून फिरायची आणि तशीच पुढे जायची. ती पुढे गेली की पिंगीचा जीव भांड्यात पडायचा.

केसोपंत मनानं अगदी लोणी. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. अस्वलाकडे कॅमेरा कुठून आला, असं जो विचारेल त्याला मी उठवून बाहेर बसवीन. अस्वल बोललेलं चालतं, मग कॅमेऱ्यानंच काय घोडं मारलंय?

तर पंत सकाळ-संध्याकाळ झगमगरावांचे फोटो काढायचे. झगमगरावही मान वळवून, छाती काढून बसायचे. पण फोटो पाहून जो तो म्हणे, "छान आहे हो, पण मागं ते काय लोंबतंय?"

शेवटी एके सकाळी पंत झाडू घेऊनच आले.

पिंगीची पंचाईत झाली. ओरडावं, तर कुंपणावर काकासाहेब. गप्प बसावं, तर झाडू. ती झाडूच्या समोर येऊन पंख फडफडवत राहिली. हवेतच, जागच्या जागी.

"अहाहा! वहिनी, तशाच थांबा!" पंतांनी झाडू टाकला आणि कॅमेरा उचलला.

पिंगी थांबली. पंख भरून आले, चोच कोरडी पडली, तरी थांबली. कारण कॅमेरा वर असेतो झाडू खाली होता. पण केव्हा तरी पंतांचं समाधान झालं आणि त्यांनी पुन्हा झाडू घेतला.

मग पिंगी त्यांच्या कानात शिरली आणि कुजबुजली, "पंत, पाया पडते तुमच्या. तो कचरा नाही. माझं घर आहे. अंडी आहेत आत."

पंतांचे डोळे पाण्यानं भरले. "अगं बाई! आधी नाही का सांगायचं? आणि एवढ्या गोड पाखरांचं घर असं गचाळ? छे छे, मी असताना?"

पिंगी नको नको म्हणत असताना पंतांनी घरटं हळुवार हातांनी साफ केलं. जाळी काढली, लेंड्या झटकल्या, उजेड यावा म्हणून आजूबाजूची पानं खुडली. वर एक लाल फीत बांधली. नशीब, काकासाहेब तेवढ्यात कुठंतरी गेले होते, ते दिवसभर फिरकले नाहीत. पंतांनी फोटो काढला आणि नाव दिलं, 'सुखाचं घरकुल'.

संध्याकाळी वडाखाली फोटोंचं प्रदर्शन भरलं. सिंहमहाराजांनी पहिला नंबर दिला 'सुखाचं घरकुल'ला. सत्कार पिंगीचा. खुद्द महाराजांचं बोलावणं, नाही कोण म्हणणार? झगमगराव तर दुपारपासून पिसं विंचरत होते.

काकासाहेब फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले.

"वा पंत! काय स्पष्ट आलंय! आणि मागं हे कुंपण ओळखीचं वाटतंय."

"तुमचंच की हो, काकासाहेब!" पंत फुलून म्हणाले. "तुम्ही रोज बसता ना, त्याच्या अगदी समोर."

"असं होय? मग येतो मी जरा."

"अहो, फराळ आहे ना नंतर!"

"फराळाचंच बघतो," काकासाहेब म्हणाले आणि उडाले.

पिंगीनं ते ऐकलं. ती उडणार, तोच महाराजांनी तिच्या अंगावर शाल घातली. शाल महाराजांच्या मापाची. पिंगी तिच्याखाली गडप झाली. ती आतून धडपडत होती, किंचाळत होती. वरून शाल नुसती थरथरताना दिसत होती.

"किती भारावून गेल्यात हो!" हरीणबाई म्हणाल्या, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराज दोन शब्द बोलायला उभे राहिले ते चांगले तासभर बोलले.

सकाळी पंत परसात आले. लाल फीत वाऱ्यावर हलत होती. घरट्याचं तोंड फाटलं होतं आणि आत काही नव्हतं. पिंगी शेजारच्या फांदीवर बसली होती. झगमगराव प्रथमच पाठ करून बसले होते.

पंतांना हुंदका आवरेना. "वहिनी, काय हो हे! कोणाची दृष्ट लागली?"

पंतांनी डोळे पुसले, नाक पुसलं. मग आभाळाकडे पाहिलं आणि खांद्यावरचा कॅमेरा हळूच पुढे घेतला.

"वहिनी, राग मानू नका. पण घरट्याकडे बघत अशाच बसाल का जरा? उजेड फार सुंदर आहे."

तात्पर्य : घर नेहमी स्वच्छ, नीटनेटकं आणि चारचौघांना दाखवण्याजोगं ठेवावं. कावळ्यांना उगाच शोधत बसावं लागत नाही.