प्रधानकाकांचं इंग्रजी

आमच्या भाईंदरच्या सोसायटीत एका सकाळी प्रधानकाकांनी वॉचमनला सांगितलं, "लिफ्ट में डेड बॉडी है."

पाच मिनिटांत अख्खी विंग खाली. पाटीलवहिनींना तर घेरीच आली. वॉचमनने कापऱ्या आवाजात विचारलं, "किसकी, साब?"

"रॅट की," काका म्हणाले.

मी नंतर त्यांना झापलं. "काका, सरळ मेलेला उंदीर म्हणायचं ना!"

"शी! ऐकायलाच कसंतरी वाटतं."

विमा कंपनीतून रिटायर झालेले, एकटे राहणारे प्रधानकाका एरवी अस्सल मराठी बोलतात. वाईट काही आलं की इंग्रजी सुरू. जुलाब म्हणजे 'लूज मोशन', भांडण म्हणजे 'डिफरन्सेस'. दुसऱ्या मजल्यावरचा जावई रोज झिंगून येतो, त्याला नुसती 'हॅबिट' आहे.

गेल्या वर्षी आमच्या गेटवर मासळी विकणाऱ्या कमळाबाईंचे यजमान, नामदेवभाऊ, त्या दिवशी बाईंऐवजी एकटेच आले होते; गेटवर टोपली उतरवताना कोसळले. आम्ही सोसायटीतल्या लोकांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तपासल्यावर मी आणि काका रिक्षाने खारी गावात कमळाबाईंना सांगायला गेलो.

काकांनीच सुरुवात केली. "भाऊंना माइल्ड स्ट्रोक आलाय. आयसीयूत अंडर ऑब्झर्वेशन आहेत."

कमळाबाई बघतच राहिल्या. "म्हंजे? जिता हाय का न्हाय, येवरंच सांगा."

मी बोलणार, तेवढ्यात काका खाली ओट्यावर त्यांच्यासमोर बसले.

"जिवंत आहेत, बाई. उजवं अंग लुळं पडलंय. तोंड वाकडं झालंय. पण शुद्धीवर आहेत, डोळे तुम्हालाच शोधतायत. चला."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या ताडकन उठल्या.

त्यांना हॉस्पिटलात सोडून आम्ही परत निघालो. रिक्षात काका म्हणाले, "आमची ही गेली, तेव्हा मी सगळ्यांना 'एक्स्पायर झाली' म्हणून कळवलं. गेली, हा शब्द आज पहिल्यांदा तोंडातून निघतोय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

भाऊ महिन्याभराने घरी आले. जीभ जड, पाय ओढत. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी खारीला जातात. परवा मीही गेलो होतो. दोघं अंगणात चालत होते, भाऊंचा हात काकांच्या खांद्यावर.

"म्हणा, पाणी."

"पा... नी."

"म्हणा, कमळा."

भाऊ थांबले. मान वळवून चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे बघितलं आणि एका दमात म्हणाले, "कमळे, चा टाक. तिगांना."