सिलिंडरचा परकर

मल्लूआण्णांच्या घरातल्या गॅसच्या सिलिंडरला परकर होता. नुसतं फडकं गुंडाळलेलं नव्हे, तर चांगला नाडीचा, घेरदार, खाली झालर लावलेला हिरव्या खणाचा परकर. टाकी संपली की आण्णा आधी नाडी सोडत, परकराची घडी घालून बाजूला ठेवत आणि मगच रिकामी टाकी गाडीवाल्याच्या हवाली करत. नवी टाकी आली की पुन्हा परकर नेसवायचा, आणि नाडीची गाठ बरोबर रेग्युलेटरच्या बटणाच्या खालीच आली पाहिजे. गाठ इकडंतिकडं झाली की सोडून पुन्हा बांधायची. गाडीवाला नवखा असला की दारात उभा राहून हा सोहळा बघत बसे. आण्णा त्याला म्हणत, "काय बघालायस? उघडंबोडकं बरं दिसतंय व्हय?"

हे आण्णांचं ठेवणीतलं वाक्य. त्यांच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार होते, नटवलेल्या आणि उघड्याबोडक्या. पहिल्या त्यांच्या घरात होत्या आणि दुसऱ्या उरलेल्या कोल्हापुरात.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या बरोबर समोर. मूळचे गडहिंग्लजकडचे, त्यामुळे रागावले की कानडीत शिरत. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते ओतकामाचे साचे करायचे. संध्याकाळी घरी येताना नखापासून कोपरापर्यंत हात काळे. अंगापेरानं दणकट, मिशी भरघोस, आवाज असा की ते घरात कुजबुजले तरी आम्हाला आमच्या न्हाणीत ऐकू यावं. असा माणूस जेवणाच्या सुट्टीत फौंड्रीच्या दारात बसून क्रोशाच्या सुईनं लोकरीची फुलं विणतो, यावर माझा विश्वास बसायला बरेच दिवस लागले.

हे वेड त्यांना लागलं पन्नाशीत, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी. तोवर त्यांचं घर चारचौघांसारखं होतं. एक दिवस गल्लीच्या टोकाला मुलींसाठी जो विणकामाचा क्लास चाले, तिथं आण्णांनी रीतसर नाव घातलं. परकर-पोलक्यातल्या पोरींच्या रांगेत हा मिशीवाला पैलवानी गडी मांडी घालून बसला. पहिले काही दिवस पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. महिनाभरात अवघड गुलाब आला की त्याच पोरी "आण्णा, एवढं फिरवून द्या की" म्हणून मागं लागू लागल्या. क्लासच्या बाई म्हणाल्या, माणूस दांडगा आहे पण टाका एकसारखा पडतो.

मग जे काही सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही. टेलिफोनला टोपडं झालं. टीव्हीला पडदा झाला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला लोकरीची टोपी आली आणि खोबरेल तेलाच्या बाटलीला कंबरपट्टा. विजेच्या बोर्डावर पंख्याच्या बटणाभोवती मण्यांचं कडं, दिव्याच्या बटणावर एकच टपोरी टिकली. पायरीच्या कडेला काथ्याच्या दोरीची वेणी ठोकलेली आणि उंबऱ्याला घुंगरं. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या प्रत्येक डब्याला गळ्यात काही ना काही होतंच.

सगळ्यात कमाल म्हणजे जमिनीवरची कमळं. स्टुलाचे चार पाय जिथं टेकतात तिथं आण्णांनी ऑइलपेंटनं चार कमळं काढली होती. खुर्चीला चार, पाण्याच्या पिंपाला एक भलंमोठं. प्रत्येक वस्तूनं आपापल्या कमळावरच बसायचं. एकदा मी उकडतंय म्हणून स्टूल पंख्याखाली ओढून घेतलं. आण्णा चहाचा कप हातात घेऊन तसेच थांबले. मी उठल्यावर स्टूल कमळावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "पावणं, बसा, खावा, प्या. वस्तू हलवायची न्हाय." एरवी दिलदार माणूस, पण या एका बाबतीत मीटर वाचायला आलेल्या माणसालाही त्यांनी कानडीत झापलं होतं.

मी पाटबंधारे खात्यातला कारकून. आमच्या घरात शोभेची वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. आण्णा आमच्याकडे आले की बोर्डाकडे, दाराकडे, उघड्या टेलिफोनकडे अशा नजरेनं बघत की घरात कुणी आजारी असावं. मी त्यांची ऑफिसात यथेच्छ टिंगल करायचो. माझी बायको सुनीता मात्र त्यांच्यावर खूश. तिचं म्हणणं, हौस असावी तर अशी, नाहीतर आमच्याकडे आहेच पाटबंधारे खातं.

आण्णांच्या बायकोचं नाव शांता, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. अक्का बोलायला कमी. नवऱ्याच्या या नटवानटवीवर त्यांनी कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. पण चटणीच्या बाबतीत गल्लीतला शेवटचा शब्द त्यांचा. चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, वर्षाची. ती उन्हाळ्यात एकदा होते आणि वर्षभर पुरते, त्यामुळे बिघडली तर वर्ष बिघडतं. गल्लीतल्या पाच-सहा घरांची चटणी दरसाल अक्कांच्या घराच्या पुढच्या सोप्यात व्हायची. मिरच्या ज्याच्या त्याच्या, कष्ट सगळ्यांचे, पण कुठली मिरची किती, मसाला कुठवर भाजायचा आणि मीठ किती, ते अक्का सांगतील तसं. मे महिना हे त्यांचं राज्य होतं.

बाकी वर्षभर अक्का बाहेर पडेनाशा झाल्या होत्या. पूर्वी आमच्या हळदीकुंकवाला पहिल्या येणाऱ्या त्या. अलीकडे त्यांच्याऐवजी आण्णा निरोप घेऊन यायचे, "तिचं गुडघं दुखालंय." समोरच्या घरातून इथवर यायला गुडघे आडवे येतात याचं सुनीताला वाईट वाटायचं. आमच्या शेजारच्या मंदाकाकूंनी तर उघडच म्हटलं होतं की चटणीचं कौतुक डोक्यात गेलंय.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सालच्या आगेमागे, चटणीच्या आदल्या दिवशी सुनीता मदतीला गेली. अक्का सोप्यात कांदे चिरत होत्या. स्वयंपाकघरात फळीवर स्टीलचे दोन सारखे मोठे डबे होते, एक मिठाचा, एक साखरेचा. मिठाच्या डब्याला काचेच्या मण्यांची झालर, साखरेच्या डब्याला लोकरीचे गोंडे. झालर आणि गोंडे दोन्ही तेलकट झाले होते. सुनीतानं ते काढले, सोड्यात धुतले, वाळवले, डबेही उघडून पुसले आणि अक्कांना न सांगता परत बांधले. बांधताना तिनं आपली थोडी हौस भागवून घेतली. साखरेचा डबा पुढे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा. मग चकचकीत मणी त्याला शोभतील, मिठाला काय करायचेत मणी? तिनं मणी साखरेला बांधले आणि गोंडे मिठाला.

दुसऱ्या दिवशी आण्णा सकाळीच कामावर गेले. बायकांनी मिरच्या भाजल्या, कांडपाच्या गिरणीवरून चटणी कुटून आणली, सोप्यात मोठ्या पराती मांडल्या. मीठ सगळ्यात शेवटी, आणि ते फक्त अक्कांनी कालवायचं असा रिवाज होता. अक्का आत गेल्या, वाटीनं पातेलं भरून आणलं आणि पदर खोचून कालवायला बसल्या. ठसक्यानं सगळ्यांची नाकंडोळी वाहत होती, चव बघायच्या अवस्थेत कुणी नव्हतं. शिवाय अक्कांनी कालवलेल्या चटणीची चव बघायची म्हणजे त्यांचा अपमानच. ज्याची त्यानं आपापली बरणी भरून नेली.

रविवारी सकाळी मी भाकरीवर चटणी घेतली, मध्ये खळगा करून तेल सोडलं आणि पहिला घास खाल्ला. चटणी गोड होती.

थोड्याच वेळात सगळ्या बायका बरण्या घेऊन अक्कांच्या सोप्यात जमल्या. सुनीतानं आमची बरणी माझ्या हातात दिली होती, म्हणून मीही दाराशी उभा. मंदाकाकूंनी तोंड उघडलं.

"अक्का, ही काय पुण्याची चटणी केलीसा व्हय?"

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मीठच घातलंय मी," एवढंच म्हणाल्या. आवाज खाली गेलेला.

"मग साखर काय आभाळातनं पडली? वय झालं तुमचं आता. पुढच्या वर्षापास्नं आमचं आमी बघतो."

अक्का पदराचं टोक बोटांत पिळत राहिल्या. त्यांचं सगळं राज्य त्या एका वाक्यानं जात होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं, पण सगळ्यांच्या बरण्या गोड होत्या. एवढ्यात महाद्वार रोडवरून लोकर घेऊन आण्णा आले. मंदाकाकूंचं बोलणं बाहेरूनच ऐकून त्यांना दारातच सगळं समजलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि छाती पुढे काढून जाहीर केलं, "साखर मी घातली."

सगळ्या बायका त्यांच्याकडे बघू लागल्या.

"मी घातली की. नुसती लालभडक आन् तिखट. तिला नटवायचं म्हणून कुणाच्या डोक्यातच येत न्हाय. उघडीबोडकी चटणी बरी व्हय? म्हणलं, ह्या साली जरा नटवूया. गुमान मिठाच्या डब्यात साखर भरून ठेवली."

मग असा काही गलका झाला की विचारू नका. सिलिंडरला परकर नेसवणारा माणूस चटणीत साखर घालणारच, यात गल्लीला अशक्य असं काही वाटलंच नाही. मंदाकाकू अक्कांच्या बाजूला जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यास्नी सैपाकघरात पाऊल ठेवू दिऊ नगासा." मिरच्या पुन्हा आणायचं ठरलं. आण्णा गुन्हेगारासारखे मान खाली घालून उभे होते, पण मिशीतल्या मिशीत त्यांना बरं वाटत असावं. मंदाकाकूंनी आपली गोड चटणी पुण्याच्या जावयाला पाठवून दिली. त्यानं पुढच्या वर्षीही अशीच पाठवा म्हणून कळवलं, ते वेगळं.

घरी आल्यावर सुनीता म्हणाली, "आण्णा खोटं बोलले. मी परवा डबे पुसले तेव्हा मीठ मिठाच्या डब्यात होतं, आणि काल आण्णा दिवसभर कामावर होते." मग तिनं झालरींची अदलाबदल सांगितली आणि स्वतःच पुढे म्हणाली, "पण झालर बदलली म्हणून काय झालं? डबा उघडला की दिसतंच की, मीठ आहे का साखर."

मग मला एकेक आठवू लागलं. टिकलीचं बटण आणि मण्यांचं बटण. पायरीच्या कडेची वेणी. उंबऱ्याची घुंगरं. जागचं न हलणारं स्टूल. सिलिंडरच्या परकराची गाठ नेमकी बटणाखाली कशाला हवी, तेही. इतकी वर्षं मी ज्याची टिंगल करत होतो ते घर अक्का बोटांनी वाचत होत्या. मला माझी लाज वाटली आणि त्या माणसाचा विलक्षण अभिमान वाटला.

संध्याकाळी आण्णा कट्ट्यावर विणत बसले होते. मी शेजारी बसलो आणि सुनीतानं झालरी कशा बदलल्या ते सांगितलं. आण्णांची सुई थांबली. पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"मिरजेच्या डोळ्याच्या डॉक्टरनं, मी क्लास लावायच्या आदीच सांगितलंतं. तिला कडंकडंनं दिसंल, मधलं जाणार म्हणून. उपाय न्हाय. गल्लीला कळलं तर तिच्या हातात चटणी कोण दील? आन् चटणी गेली की ती कोपऱ्यात बसंल, उठायची न्हाय. म्हणलं, तिच्या हातात काठी देण्यापरास घरच नटवूया. लोकं मला खुळा म्हणत्यात, म्हणू देत. खुळ्याच्या घरात कोण काय इचारत न्हाय."

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"गुडघं दणकट हायत तिचं. तुमचं घर उघडंबोडकं हाय. तिला कुठं काय हाय ते कळत न्हाय."

मी म्हणालो, आण्णा, येत्या रविवारी पिशवी घेऊन या.

ते आले. दिवसभर ठोकाठोक चालली. आमच्या उंबऱ्याला घुंगरं आली, पायरीला वेणी, चौकटीला हाताच्या उंचीवर लोकरीची झालर. सोप्यात पाटाखाली कमळ आलं. ऑफिसातले लोक घरी येऊन गेले आणि माझ्यावर यथेच्छ हसले. मी त्यांना सांगितलं, उघडंबोडकं बरं दिसत नाही.

गल्लीला पुढे यथावकाश सगळं कळलंच. तेव्हा मीठ कालवायला अक्कांशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही तो मंदाकाकूंनीच. पण ते नंतरचं.

आण्णांनी आमचं घर नटवलं त्याच आठवड्यात एका दुपारी आमच्या दारातली घुंगरं वाजली. मी बाहेर आलो. अक्का आल्या होत्या, एकट्या. नवं लुगडं, कपाळावर ताजं कुंकू. एक हात चौकटीवरच्या झालरीवर होता आणि त्या बोटांनी ती सावकाश चाचपत होत्या. सुनीता धावत पुढे झाली, पण हात धरायला गेली नाही, तेवढं तिला कळलं. अक्का झालरीच्या शेवटापर्यंत गेल्या, एका जागी थांबल्या, पुन्हा मागे आल्या आणि हसल्या.

"हितं एक टाका सुटलाय बघ सुनीता," त्या म्हणाल्या. "त्यास्नी सांग, आता चष्मा लावा म्हणावं."